चौकशी टिकली पाहिजे: महाराष्ट्र आणि गोव्यातील कुलगुरूंना खुले पत्र





गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी २००९ साली आपल्याच एका प्राध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दिली. विद्यापीठाच्या तक्रार समितीने चौकशी करून प्राध्यापकाला दोषी धरले, २०१० मध्ये कार्यकारी परिषदेने त्याला नोकरीतून काढले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रकरण संपले असे कोणालाही वाटले असते. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. चौकशी जिथे बिघडली तिथून ती पुन्हा करा, असे सांगून प्रकरण विद्यापीठाच्या समितीकडे परत पाठवले. तक्रार खोटी होती असे न्यायालय म्हणाले नाही. समितीने अखेरच्या टप्प्यात इतकी घाई केली की आरोप असलेल्या माणसाला बाजू मांडायला पुरेसा अवसर मिळाला नाही, हे न्यायालयाला दिसले. तेवढ्यावर चौदा वर्षांचे काम वाहून गेले.

तेव्हा विशीत असलेली मुलगी २०२३ मध्ये पस्तिशीच्या घरात आलेली असणार. तिने पुन्हा समितीपुढे बसायचे, तेच प्रसंग पुन्हा सांगायचे. आरोप झालेल्या माणसाच्या डोक्यावरही चौदा वर्षे टांगती तलवार राहिली आणि अखेर निकाल लागलाच नाही. एका समितीच्या कच्च्या कामाने दोन्ही बाजूंवर अन्याय झाला.

हे पत्र कुलगुरूंना उद्देशून लिहिण्याचे कारण हेच आहे. तक्रार समित्या बहुतेक ठिकाणी आहेत. त्यांची नावे फलकावर आहेत, संकेतस्थळावर आहेत, नॅक मूल्यांकनाच्या फाइलमध्ये तर हमखास आहेत. चौकशी कशी करायची हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते, त्यासाठी वेळ दिलेला नसतो आणि प्रसंग आला की त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. नियम बदलले की विद्यापीठे परिपत्रक काढतात. परिपत्रकाच्या पुढे काय करायचे, याविषयी हे पत्र आहे.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आजही या समितीला ‘विशाखा समिती’च म्हणतात. भटेरी या राजस्थानातल्या गावात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या न्या. सुजाता मनोहर त्या पीठावर होत्या. गावपातळीवर सरकारचे काम करणाऱ्या एका बाईला कामापायी हे सोसावे लागले, म्हणून देशातल्या प्रत्येक कार्यालयाला आणि विद्यापीठाला समिती नेमावी लागली. नव्या सदस्याला नेमणुकीच्या दिवशी एवढा इतिहास तरी कोणी सांगावा.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पुण्यातून आला, आणि तो फारसा कोणाला आठवत नाही. ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न नेला: विशाखा समिती चौकशी करते, पण तिच्या अहवालानंतर संस्था पुन्हा नव्याने खातेनिहाय चौकशी लावते. म्हणजे तक्रारदार बाईने तेच सगळे दुसऱ्यांदा सांगायचे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा, असे न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०१२ च्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले. यामुळे बाईची फरफट कमी झाली. पण त्याबरोबर समितीवर मोठा भार आला, तो विद्यापीठांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. तथ्य शोधायची एकच संधी आहे आणि ती या समितीच्या हाती आहे. तिथे चूक झाली तर ती वर कुठे दुरुस्त होत नाही, सगळे मुळापासून ढासळते. पुण्याच्या कार्यकर्तीने मिळवून दिलेले वजन पेलायची तयारी समितीकडे नसली की काय होते, ते गोव्याच्या प्रकरणात दिसले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कार्यदलाने ‘सक्षम’ हा अहवाल दिला आणि पुढे आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. हे विनियम कायद्यापेक्षा बरेच पुढे जातात. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. अध्यक्ष महिला असावी, विद्यापीठात प्राध्यापक आणि महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक या दर्जाखालची नसावी. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरचे विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि ते निवडून आलेले हवेत. बाहेरच्या संस्थेतला एक सदस्य हवा. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. परिसराची व्याख्या तर इतकी रुंद आहे की शैक्षणिक सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव आणि तिथवर नेणारी बससुद्धा तिच्यात येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात किंवा युवक महोत्सवाच्या परतीच्या प्रवासात घडलेला प्रकार ‘कॉलेजबाहेरचा’ म्हणून झटकता येत नाही.

विद्यार्थिनींबरोबर काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या छळाला बळी पडू शकतात, हे त्या विनियमांनी स्पष्टपणे मान्य केले आहे. ‘महिला तक्रार निवारण’ अशी पाटी लावलेल्या खोलीत असा विद्यार्थी येईल का, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. तालुक्याच्या गावातले संलग्न महाविद्यालय डोळ्यांपुढे आणा. मंजूर पदांपैकी कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी, शिकवणारे निम्मे तासिका तत्त्वावरचे. समितीत महिला हव्यात म्हणून दोन तरुण प्राध्यापिकांची नावे घातली जातात. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि ती करायची की नाही हे प्राचार्य आणि संस्थाचालक ठरवतात. अशा बाईने संस्थाचालकांच्या मर्जीतल्या विभागप्रमुखाची चौकशी करायची. तिच्याकडून निर्भीडपणाची अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. समितीतले तिचे काम तिच्या पुढच्या नेमणुकीच्या आड येणार नाही, याची हमी विद्यापीठाने द्यायला हवी, आणि ती संलग्नतेच्या अटीतच असायला हवी. पुरेशी ज्येष्ठ प्राध्यापिका महाविद्यालयात नसेल तर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष घेण्याची सोय नियमात आहेच. मोठ्या शिक्षणसंस्थांना ते अवघड नाही. जवळचीच आणि सांगेल तिथे सही करणारी अध्यक्ष नेमायची सवय मात्र सोडावी लागेल.

समितीचा वार्षिक उपक्रम म्हणून काय दाखवले जाते, तेही पाहण्यासारखे आहे. आठ मार्चचे व्याख्यान, रांगोळी स्पर्धा, निर्भय कन्या अभियानातले स्वसंरक्षणाचे धडे. हे उपक्रम वाईट नाहीत. मुलींनी कराटे शिकावे. पण ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्या शिक्षकाने तोंडी परीक्षेआधी खोलीत बोलावले, तर कराटे कामाला येत नाही. तिथे उपयोग होतो तो अर्ज कुठे द्यायचा, कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर येणार आणि तोवर पेपर कोण तपासणार, हे ठाऊक असण्याचा. मुलींना हे सांगणारे सत्र बहुतेक वर्षी होतच नाही.

विनियमांतल्या मुदती विद्यापीठाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचल्या की बऱ्याच गोष्टी उलगडतात. तक्रार आल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि तीस दिवसांत कारवाई. नव्वद दिवस म्हणजे शिकवणीचे जवळजवळ एक सत्र. जून-जुलैत वर्ग सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तक्रार आली, तर चौकशी चालू असतानाच अंतर्गत मूल्यमापन होते, प्रात्यक्षिके होतात, लेखी परीक्षा होतात. तक्रारदार आणि शिक्षक एकाच प्रयोगशाळेत समोरासमोर उभे असतात.

नियम करणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून अंतरिम दिलाशाची तरतूद आहे. तक्रारदाराच्या कामाचे किंवा कामगिरीचे मूल्यमापन समोरच्याकडून काढून घेता येते, दोघांपैकी एकाची दुसऱ्या विभागात बदली करता येते, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते आणि समोरच्याला अंतर राखण्याची ताकीद देता येते. या सगळ्यांत मोलाची गोष्ट मूल्यमापनाची. पेपर दुसऱ्याने तपासावा आणि तोंडी परीक्षेला दुसरा परीक्षक बसावा, असा आदेश परीक्षा विभागाला एका दिवसात काढता येतो. त्यात कोणालाही दोषी ठरवलेले नसते. तरी हा आदेश क्वचितच निघतो, कारण समिती आणि परीक्षा विभाग यांच्यात अशा कामाचा ठरलेला रस्ताच आखलेला नाही.

पीएच.डी. करणाऱ्या मुलीची अडचण याहून गहिरी आहे. गाईडच्या सहीवाचून तिचा प्रगती अहवाल जात नाही, शिष्यवृत्तीचा हप्ता येत नाही, प्रबंध सादर होत नाही. तिने गाईडविरुद्ध तक्रार केली की मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज संशोधन केंद्र, विभाग, मान्यता समिती अशा पायऱ्यांवरून चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचारते, ‘एवढे काय झाले?’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार समितीने लेखी कळवल्यावर पंधरा दिवसांत तात्पुरता सहमार्गदर्शक नेमायचा आणि शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार विभागाबाहेरच्या कोणाकडे तरी द्यायचा, असा नियम कुलगुरूंना करता येईल. तक्रार सिद्ध होवो न होवो, त्या मुलीचे दोन वर्षांचे काम बुडू नये.

तीन महिन्यांच्या मुदतीबद्दलही बोलायला हवे. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, आणि कारणे दिल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कायदा करताना डोळ्यांपुढे नोकरी करणारी बाई होती. विद्यार्थिनीचे गणित वेगळे असते. गुणपत्रिका हातात येईपर्यंत ती गप्प राहते, आणि तोवर मुदत संपलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे प्रकरण आले. तिथल्या एका प्राध्यापिकेची तक्रार थेट कुलगुरूंविरुद्ध होती. शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मुदत उलटली म्हणून तक्रार चालणार नाही, असेच न्यायालयाला म्हणावे लागले. पण ही घटना विसरली जाऊ नये, म्हणून हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग करावा, असाही आदेश न्यायालयाने दिला. कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापिकेलाही मुदत गाठता आली नाही. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलीकडून काय अपेक्षा करायची? मुदत वाढवणे संसदेच्या हातात आहे. मुदत किती आहे हे प्रवेशाच्या दिवशी सांगणे मात्र विद्यापीठाच्या हातात आहे. आणि विलंब माफ करण्याचा जो अधिकार समितीला मिळाला आहे तो परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती ही कारणे ध्यानात घेऊन वापरा, असे समितीला शिकवणेही विद्यापीठाच्याच हातात आहे.

कुलगुरूंविरुद्ध, किंवा महाविद्यालयात संस्थाचालकांविरुद्धच तक्रार असेल तर जायचे कुठे? मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी कायद्याने जिल्ह्याला स्थानिक तक्रार समिती ठेवली आहे. कोलकात्याचे प्रकरणही तशाच समितीपुढे गेले होते. ही समिती आपल्या जिल्ह्यात कुठे बसते, हे किती महाविद्यालयांच्या फलकावर लिहिलेले आहे? गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यातल्या मुलीला तो पत्ता कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात राज्यांना जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्यासाठी तारखा घालून दिल्या, तक्रारींसाठी शी-बॉक्स हे संकेतस्थळ वापरात आणायला सांगितले. या सगळ्याचा उपयोग पत्ता माहीत असणाऱ्यालाच.

बालासोरचे प्रकरण लिहिताना हात जड होतो. ओडिशातल्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. तक्रार महाविद्यालयाच्या समितीपुढे होती. १२ जुलै २०२५ रोजी तिने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी भुवनेश्वरच्या एम्समध्ये तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुखाला अटक झाली, प्राचार्यांनाही झाली. मग सगळीकडे समित्यांची झाडाझडती सुरू झाली. तक्रार द्यायची ती सगळी दारे तिने ठोठावली होती. अर्ज आणि उत्तर यांच्यामधल्या दिवसांत तिच्याशी कोण बोलत होते, तिला कोणता दिलासा मिळाला होता, तिच्या हजेरीचे आणि परीक्षेचे काय होणार हे तिला कोणी समजावले होते का, हे प्रश्न ओडिशापुरते नाहीत. आपापल्या विद्यापीठात आज एखादी तक्रार चालू असेल, तर ती देणाऱ्या मुलीशी या आठवड्यात कोण बोलले, हे कुलगुरूंनी आजच विचारावे.

चौकशी नीट करणे फार अवघड आहे, वकील लागतात, न्यायाधीश लागतात, असे एक उत्तर नेहमी येते. त्यावर अर्ध्या शतकापूर्वीचा दाखला आहे. जून १९७२ मध्ये रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले आणि त्यांनी नग्नावस्थेत धिंगाणा घातला. मुलींनी तक्रार केली. प्राचार्यांनी शिक्षकांची तीन जणांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब मुलांच्या अनुपस्थितीत घेतले, कारण ती मुले बाहेर मोकळी फिरत होती आणि मुलींना त्यांची भीती होती. मुलांची छायाचित्रे इतर छायाचित्रांत मिसळून मुलींपुढे ठेवली आणि ओळख पटवली. मग एकेका मुलाला बोलावून त्याच्यावरचा आरोप सांगितला, त्याचे म्हणणे लेखी घेतले. चार जणांना दोन वर्षांसाठी काढून टाकले. ती मुले सर्वोच्च न्यायालयात गेली, उलटतपासणी मिळाली नाही म्हणून नैसर्गिक न्याय झाला नाही, असे म्हणाली. १९७३ मध्ये न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. नैसर्गिक न्यायाचा साचा सगळीकडे एकच नसतो, आरोप कळला, उत्तर द्यायची खरी संधी मिळाली आणि समिती निःपक्षपाती राहिली तर ते पुरेसे ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे.

तेव्हा विशाखा नव्हती, कायदा नव्हता, विनियम नव्हते. तीन शिक्षकांनी डोके शांत ठेवून, मुलींना जपून आणि मुलांनाही ऐकून काम केले आणि ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. गोव्याच्या समितीकडे याहून कितीतरी अधिक साधने होती. फरक पडला तो कामाच्या पद्धतीत. आजच्या प्रत्येक समितीला हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून शिकवायला हवेत. समोरच्याने आजारपणामुळे तारीख मागितली तर काय करायचे, वकील मागितला तर काय उत्तर द्यायचे, साक्षीदारांचे जबाब त्याला कधी द्यायचे, त्याचे प्रश्न तक्रारदारापुढे थेट न जाता समितीमार्फत कसे विचारायचे. या गोष्टी सदस्यांना सरावाने येतात, एक दिवसाच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने येत नाहीत. समोरच्याला नीट ऐकले तर तक्रारदाराचे नुकसान होते, ही समजूत काही भल्या कार्यकर्त्यांचीही असते. गोव्याच्या मुलींचे नुकसान त्याला न ऐकल्यानेच झाले.

शिकवणारे बाहेरून आणायची गरज नाही. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आहे, देशातले अशा प्रकारचे पहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. विधी विभाग आणि विधी महाविद्यालये ठिकठिकाणी आहेत. या केंद्रांना निधीची चणचण कायम असते. संलग्न महाविद्यालयांच्या समित्यांना वर्षातून दोनदा, प्रत्यक्ष प्रकरणांच्या आधारे प्रशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि त्याचे पैसे दिले, तर दोन्ही कामे होतील.

बाहेरच्या देशांत काय होते तेही पाहू. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांना ‘टायटल नाइन’ हे शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धच्या तिथल्या कायद्याचे नाव आता ऐकून माहीत आहे. तिथले नियम सरकार बदलेल तसे हेलकावे खात राहिले. २०११ मध्ये एक मार्गदर्शक पत्र, २०१७ मध्ये ते मागे, २०२० मध्ये प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी सक्तीची करणारे नियम, २०२४ मध्ये वेगळे नियम, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकीच्या संघीय न्यायालयाने तेही रद्द केल्यावर पुन्हा २०२० चे. एवढ्या उलथापालथीतही तिथल्या विद्यापीठात या कामासाठी नेमलेला समन्वयक असावा लागतो, कोणाकडे जायचे ते विद्यार्थ्याला माहीत असते. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाच्या नियामकाने १ ऑगस्ट २०२५ पासून नवी अट लागू केली आहे. छळासंबंधीची सगळी माहिती विद्यापीठाने एकाच ठिकाणी ठेवायची आणि तक्रारदाराला गप्प बसवणारे करार करायचे नाहीत. आपल्या विनियमांतही पैशाच्या बदल्यात समेट करायला मनाई आहेच. एका ठिकाणी सगळी माहिती, हे मात्र आपल्याकडे उद्यापासून करता येईल. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. गोव्यात कोकणीतही.

आपल्याकडे समितीची अध्यक्ष ही पूर्ण कार्यभार सांभाळून, परीक्षांचे पर्यवेक्षण करून, नॅकचे कागद भरून, उरलेल्या वेळात चौकशी करते. जबाब टंकायला लिपिक नसतो, कुलूप लागणारे कपाट नसते, बसायला स्वतंत्र खोली नसते. मग स्टाफरूममध्ये जबाब होतात आणि गोपनीयतेचे तीन तेरा वाजतात. चालू चौकशीच्या काळात तिचा अध्यापनाचा कार्यभार कमी करणे, एक प्रशिक्षित लिपिक देणे, दोन दारांची एक खोली देणे, यासाठी फार मोठी तरतूद लागत नाही. तिच्यावर न्यायालयात खटला झाला तर तिचा वकील विद्यापीठ देईल, हे तिला लेखी मिळायला हवे. समितीवर काम केल्याबद्दल पुढे नेमणुकीत, बढतीत त्रास झाल्याच्या तक्रारी प्राध्यापिका आपसांत बोलतात. म्हणूनच जाणत्या बायका समितीवर यायला नकार देतात.

विद्यार्थी प्रतिनिधींची निवड हा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून चाललेली समिती निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींमुळे ओळखली जायची. २०१७ मध्ये ती बरखास्त करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, कारण त्यांना समिती ‘आपली’ वाटत होती. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी प्राचार्य वर्गप्रतिनिधींपैकी शांत मुलगी उचलतात. नियमाला ते मान्य नाही. निवडणुकीची भीती वाटत असेल तर वसतिगृह आणि विभागवार गुप्त मतदान घ्यावे, पण घ्यावे. मुली आधी मुलींशी बोलतात. पहिली बातमी ज्या प्रतिनिधीपर्यंत पोचते ती प्राचार्यांची माणूस असेल, तर बातमी तिथेच थांबते.

आणखी एक भीती मुलींच्या घरातून येते: तक्रार सिद्ध झाली नाही तर उलट हिलाच काढून टाकतील. विनियम इथे निःसंदिग्ध आहेत. तक्रार सिद्ध करता आली नाही, पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. हे वाक्य प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानांवर मराठीत छापावे. पालक ती पुस्तिका वाचतात.

शेवटचा मुद्दा आकड्यांचा. दरवर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, याचा अहवाल आयोगाला द्यायचा असतो. त्या रकान्यात शून्य लिहून पाठवणे हा शांततेचा पुरावा समजला जातो. हजारो विद्यार्थी असलेल्या परिसरात वर्षानुवर्षे शून्य तक्रारी येत असतील, तर त्याची चौकशी कुलगुरूंनी स्वतः करावी. नावे न उघडता आकडे जाहीर करता येतात: किती तक्रारी, किती नव्वद दिवसांत संपल्या, किती प्रकरणांत अंतरिम दिलासा दिला, किती शिफारशींवर तीस दिवसांत कारवाई झाली, किती अडल्या आणि कुठे. व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा अहवाल माहितीसाठीच्या विषयांत शेवटी न ठेवता मुख्य विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि तो मांडायला कुलसचिवांऐवजी समितीच्या अध्यक्षांना बोलवावे. त्यांना काय कमी पडते ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि त्याच बैठकीत तरतूद करावी.